सुदानचा मुलगा, फोनमधला निकाल आणि जळगावची बीएस्सी

प्रश्न विचारणारे गृहस्थ शहाद्याचे, साखर कारखान्यातले शिफ्ट केमिस्ट. सहा वर्षं सुदानात नोकरी केली. एप्रिल 2023 मध्ये तिथं लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज एकमेकांवर तुटून पडली, तेव्हा 'ऑपरेशन कावेरी'तून पोर्ट सुदान, जेद्दा करत हे घरी पोचले. साखर शिजवायच्या पॅनवर त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या सुदानी सहकाऱ्याचा मुलगा 2022 साली शालान्त परीक्षा पास झाला होता. खार्टूममध्ये बीएस्सीचं एक सेमिस्टर झालं आणि गोळीबार सुरू झाला. घर लुटलं गेलं, कुटुंब आता कैरोत आहे. कागद म्हणाल तर फोनमधला निकालाचा एक फोटो, बस्स. त्यांचं म्हणणं असं: "त्याला जळगावला किंवा शिरपूरला बीएस्सी नाहीतर फार्मसीला प्रवेश मिळेल का? माझ्या घरी राहील. संध्याकाळी माझ्या कृषी केंद्रावर बसेल, वरखर्च निघेल. कैरोतला एक एजंट नवं सर्टिफिकेट काढून देतो म्हणतो, 300 डॉलर मागतो. लढाई आता खार्टूममधून सरकली आहे, तर यंदाच करून टाकावं का?"

भाऊ, प्रवेश मिळेल. एवढंच उत्तर हवं असेल तर अर्ज घेऊन जा. जागा शिल्लक असलेल्या तुकडीत कुठले तरी प्राचार्य 'प्रोव्हिजनल' लिहून पोराला वर्गात बसवतील. पण मिळालेला प्रवेश टिकेल का, हे तुम्ही विचारलेलंच नाही. आणि मला त्याचंच उत्तर द्यायचं आहे.

कॉलेज प्रवेश देतं, पात्र ठरवतं विद्यापीठ. ह्या दोन गोष्टींमध्ये कधीकधी तीन वर्षांचं अंतर पडतं. पोरगा फी भरतो, प्रॅक्टिकलला बसतो, परीक्षा देतो, आणि शेवटच्या सेमिस्टरला त्याच्या नावापुढे 'निकाल राखीव' येतं, कारण एलिजिबिलिटी कन्फर्मच झालेली नसते.

मी 31 वर्षं कॉलेजच्या कार्यालयात काढली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्यातली 6 वर्षं पुण्यातल्या एका कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं टेबल माझ्याकडे होतं. येमेनी, अफगाणी, इराकी, सुदानी, सगळी पोरं माझ्या टेबलावरून गेली. 2015 साली सनाहून आलेला एक येमेनी मुलगा होता. मार्चमध्ये त्याच्या देशावर विमानहल्ले सुरू झाले आणि जुलैत तो माझ्या समोर उभा. मूळ मार्कशीट घरी राहिलेली, जवळ रंगीत झेरॉक्स. आम्ही हमीपत्र लिहून घेतलं, 'मूळ कागद सहा महिन्यांत सादर करीन', आणि प्रवेश दिला. सहा महिन्यांनी त्यालाही आठवण राहिली नाही आणि मलाही. विद्यापीठाचं त्रुटीपत्र आलं होतं, ते मी फाईलला लावलं आणि फाईल कपाटात. तिसऱ्या वर्षी निकाल अडकला. तोवर त्याच्या देशातलं कार्यालय दोन सरकारांत वाटलं गेलेलं. पदवी हातात पडायला पुढे 14 महिने लागले, मधे व्हिसा संपत आला, नोकरीचं एक पत्र वाया गेलं. चूक माझीच होती, त्याचं खापर युद्धावर फोडता येत नाही. म्हणून तुम्हाला हे इतकं लांबवून लिहितो आहे.

आता तो एजंट. एक गंमत सांगतो. अरबीत सर्टिफिकेटला 'शहादा' म्हणतात. तुमच्या गावाच्या नावाचा कागद तुम्ही शोधता आहात. सुदानची ती शालान्त परीक्षा म्हणजे 'शहादा सुदानिया'. ती सगळ्या देशात एकच असते, आपल्या बोर्डासारखी विभागवार नाही. तेव्हा निकाल एखाद्या शाळेच्या कपाटात अडकलेला नसतो, केंद्रीय मंत्रालयाकडे त्याची नोंद असते. शाळा जळली म्हणून निकाल जळत नाही. तुमच्या पोराची तुकडी युद्धाआधीची शेवटची. पुढच्या, 2023च्या तुकडीची परीक्षाच झाली नाही. ती डिसेंबर 2024 मध्ये घेतली गेली, तीही लष्कराच्या ताब्यातल्या भागांत आणि काही बाहेरच्या देशांत. पश्चिमेकडच्या दारफुर भागातली कितीतरी पोरं बसूच शकली नाहीत. त्यांच्यापुढे आपला पोरगा सुदैवी: परीक्षा झाली आहे, निकाल लागला आहे, फक्त कागद हरवला आहे.

एजंटाला एकच प्रश्न विचारा: तू कागद काढून देतोस की बनवून देतोस? मंत्रालयात खेटे घालून खरी दुय्यम प्रत आणून देणारे लोक असतात. ते पैसे घेतात पण पावती, अर्जाची तारीख, नोंदणी क्रमांक दाखवतात. आठ दिवसांत 'ओरिजिनल' देणारा ती छापून आणतो. इथे विद्यापीठ पडताळणीसाठी तिकडे पत्र टाकतं. दोन वर्षांनी उत्तर आलं 'आमच्या नोंदीत नाही', की प्रवेश रद्द, व्हिसा रद्द, आणि पोरावर गुन्हा. खरा निकाल असलेल्या पोराला खोट्या कागदाने बुडालेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचे मार्क खरे होते, शिक्का खोटा होता.

मग खरी वाट कुठून? त्या फोटोतूनच. फोटो नीट मोठा करून बघा. त्यावर 'रक्म अल-जुलूस' असं काहीतरी असेल. शब्दशः अर्थ बैठक क्रमांक. आपल्या दहावी-बारावीच्या हॉल तिकिटावर असतो तसाच. बैठक क्रमांक, वर्ष आणि शाळेचं नाव एवढं मिळालं की दुय्यम प्रतीचा अर्ज करता येतो. युद्धात सरकार खार्टूमहून पोर्ट सुदानला गेलं. मार्च 2025 मध्ये लष्कराने खार्टूम परत घेतलं. तुम्हाला वाटतं लढाई सरकली म्हणजे कचेऱ्या उघडल्या. तसं होत नाही. बंदूक थांबते त्या दिवशी टेबल सुरू होत नाही. माणसं पांगलेली असतात, शिक्के कुणाच्या तरी गाठोड्यात असतात, आणि लाखो लोक एकाच खिडकीवर तोच कागद मागायला उभे असतात. म्हणून पोराने स्वतः तिकडे जाण्याचा विचारही करू नये. कैरोतल्या सुदानी वकिलातीतून सुरुवात करावी आणि तिकडे कुणी नातेवाईक असेल तर त्याला रीतसर अधिकारपत्र द्यावं.

प्रत मिळाली की तिच्यावर साक्षांकनाची साखळी लागते: त्यांचं शिक्षण मंत्रालय, मग त्यांचं परराष्ट्र मंत्रालय, मग भारताची वकिलात. आपल्याकडे लोक लगेच 'अपोस्टिल करा' म्हणतात, म्हणजे एका आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत एकाच शिक्क्यावर चालणारं साक्षांकन. भारत 2005 पासून त्या करारात आहे, सुदान नाही. तिथल्या कागदाला अपोस्टिल मिळतच नाही, म्हणून ही लांबची वाटच घ्यावी लागते. अरबी कागदाचं इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडूनच करून घ्या. 'गूगलवर केलं' हे आमच्या वेळी कुणी म्हणत नसे, आता म्हणतात.

दुय्यम प्रत यायला वेळ लागेल, तोवर हात बांधून बसायचं नाही. इथे मला अक्कलकुव्याकडची गोष्ट आठवते. सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या राज्यातली 33 गावं गेली, आधी मणिबेली. तळोद्याकडे सोमावल, रोझवा अशा वसाहती झाल्या. नंतरच्या काळात अशाच एका वसाहतीतला पावरा मुलगा आमच्याकडे अकरावीला आला. दाखल्यावरची जन्मतारीख आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरची वेगळी. दुरुस्तीला शाळेचं जनरल रजिस्टर हवं, आणि मुलगा म्हणाला, शाळा पाण्यात आहे. आमचा एक लिपिक म्हणे, मग आमच्या हातात काही नाही. तेव्हा पाणी द्यायला आलेला आमचा शिपाई मधेच बोलला, "आण्णा, कागद बुडनात, पोऱ्या तं नही बुडना!" मग शोधलं. त्याच शाळेची निकालपत्रकाची प्रत वर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गेलेली असते, ती निघाली. एका मास्तरांच्या घरी हजेरी निघाली. तीन कागद जुळले आणि दुरुस्ती झाली.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. पहिल्या दिवशी 'कागद कुठे आहे' विचारायचं नाही, 'ह्या कागदाची दुसरी नोंद कुणाकडे आहे' हे विचारायचं. तुमच्या पोराच्या बाबतीत बघा: खार्टूमच्या विद्यापीठाने त्याला घेतलं तेव्हा निकाल तपासूनच घेतलं असणार, म्हणजे तिथे एक नोंद. काही सुदानी विद्यापीठं युद्धातही ऑनलाइन चालू राहिली, परीक्षा घेत राहिली. त्याच्या विभागाला ईमेल करू द्या. फीची पावती, विद्यार्थी ओळखपत्राचा फोटो, वर्गाच्या ग्रुपवर आलेलं वेळापत्रक, त्या वर्षी नातेवाइकांनी निकालाच्या फोटोवर दिलेल्या अभिनंदनाच्या तारखा, सगळं जपायचं. ह्यातलं एकही एकटं चालणार नाही. एकत्र ठेवलं की समोरच्या अधिकाऱ्याला सही करायला आधार मिळतो.

युरोपात हे काम रीतसर चालतं. 1997च्या लिस्बन करारात एक कलमच आहे की निर्वासिताकडे कागद नसले तरी त्याची पात्रता तपासायची काही तरी वाजवी पद्धत देशाने ठेवावी. त्यावरून 2017 पासून निर्वासितांसाठी 'पात्रता पासपोर्ट' निघाला: असतील ते कागद बघतात, तज्ज्ञ मुलाखत घेतात, आणि लिहून देतात. आपल्याकडे तो लागू नाही, त्यावर इथे प्रवेश मागू नका. पण त्यांची पद्धत उचलता येते. पोराला दोन पानांचं निवेदन लिहायला लावा: कुठली शाळा, कुठले विषय, किती वर्षं, परीक्षा केंद्र कुठलं, विद्यापीठात कोणते पेपर झाले, प्रयोगशाळेत काय केलं, कागद कधी आणि कसे गेले. कहाणी नको, तारखा हव्यात. आमच्या ऑफिसात रडगाणं ऐकून मन भरतं, फाईल भरत नाही.

आता सगळ्यात अडचणीची गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नाही: वर्षांचा हिशोब. सुदानात 1990च्या दशकापासून आठ आणि तीन अशी अकरा वर्षांची शाळा होती. बाराकडे जाण्याचा बदल अलीकडचा. आपल्याकडे पदवीला बारावी किंवा तिच्या समकक्ष लागतं, आणि समकक्ष म्हटलं की पहिला प्रश्न शाळेची वर्षं किती. तुमच्या पोराची अकरा भरत असतील तर मार्क 90 टक्के असले तरी फाईल तिथे अडते. वर्षानुवर्षं हे समकक्षतेचं काम भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे एआययू, बघत आला. कॉलेजांच्या तोंडी अजून 'एआययू आणा' हेच आहे. एप्रिल 2025 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, परदेशी पात्रतेच्या समकक्षतेचे स्वतःचे विनियम काढले. तेव्हा कॉलेजच्या काउंटरवरचा माणूस काय म्हणतो त्यावर जाऊ नका. विद्यापीठाच्या एलिजिबिलिटी विभागाला लेखी विचारा: सुदानची 2022ची शालान्त परीक्षा, एकूण शालेय वर्षं इतकी, वर विद्यापीठाचं एक सेमिस्टर; प्रथम वर्ष बीएस्सीला पात्र ठरेल का, आणि कुणाचं समकक्षता प्रमाणपत्र लागेल? आवक शिक्का घेतलेली प्रत जपून ठेवा. ते एक सेमिस्टर वाया गेलं असं समजू नका. श्रेयांक म्हणून ते इथे चालेल अशी आशा धरू नका, पहिल्या वर्षापासूनच सुरू करा. पण वर्षांच्या हिशोबात तो पुरावा कामी येऊ शकतो.

आपलं जळगावचं विद्यापीठ 1990 साली सुरू झालं त्याचा फायदा अशा वेळी कळतो. त्याआधी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली. एका त्रुटीसाठी रात्रीची गाडी पकडून पुण्याला जायचं आणि 'उद्या या' ऐकायचं. आता गिरणेच्या काठी, बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठात शहाद्याहून सकाळी निघालात तर दुपारी टेबलासमोर असता. स्वतः जा. फोनवर हे काम होत नाही. आणि तिथे एखाद्याने 'सुदान? ते कुठे आलं?' असं विचारलंच, तर सांगा, खडकवासल्याला एनडीएची मुख्य इमारत आहे ना, तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवान त्यांच्या भूमीसाठी लढले म्हणून सुदानने एक लाख पौंड दिले, त्यातून ती उभी राहिली. आणि त्यांची 1953ची पहिली निवडणूक घ्यायला गेले होते आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. ह्याने नियम बदलत नाही, पण माणूस खुर्ची पुढे सरकवून फाईल वाचतो. हा माझा अनुभव आहे.

फार्मसीचं थोडक्यात: सध्या सोडून द्या. शिरपूरचं नाव फार्मसीत मोठं आहे हे खरं. पण तिथे विद्यापीठाबरोबर फार्मसी कौन्सिल येते, परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा आणि प्रवेश राज्याच्या वेगळ्या प्रक्रियेतून जातात, आणि यूजीसीचे ते नवे समकक्षता विनियमही फार्मसीला लागू नाहीत. पुरे कागद असलेल्यालाच ती वाट लांब वाटते. बीएस्सी केमिस्ट्री घ्या. तुम्ही स्वतः केमिस्ट आहात, पोराचा बाप आयुष्यभर पॅनवर उभा राहिला. घरात विषय आहे.

जागेची काळजी मात्र नको. यूजीसीने 2022 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर संख्येच्या वर 25 टक्क्यांपर्यंत जास्तीच्या जागा ठेवायला परवानगी दिली. तुमच्या पोरामुळे इथल्या कुणाची जागा जात नाही. गावात कुणी तसं बोललं तर हे सांगा. बोलतात, मला माहीत आहे.

आता व्हिसा, आणि इथे तुमच्या बेताला कात्री लागते. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला पगारी काम करता येत नाही. कृषी केंद्रावर 'बसणं' म्हणजे कामच. तुम्ही त्याला प्रेमाने दोन हजार द्याल, आणि एखाद्या दिवशी कुणी अर्ज करेल. पोरगा तुमचा पाहुणा म्हणून दुकानात चहाला आला तर कुणी काही म्हणत नाही, पण गल्ल्यावर बसवू नका आणि खताची पोती उतरवायला तर अजिबात लावू नका. खर्चाची सोय आधी वेगळी करा. कैरोतून बाप किती पाठवू शकेल, तुम्ही किती घालाल, हे कागदावर मांडा. व्हिसालाही आर्थिक क्षमता दाखवावी लागते. शिष्यवृत्तीसाठी आयसीसीआर, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, हिच्या पोर्टलवर नजर ठेवा, अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत मागवतात आणि ते भारतीय वकिलातीमार्फत तपासले जातात. तिथेही मार्कशीट लागतेच, म्हणजे पुन्हा आपण बैठक क्रमांकापाशी येतो.

विद्यार्थी व्हिसासाठी 'स्टडी इन इंडिया' पोर्टलवर नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. टुरिस्ट व्हिसावर बोलावून 'इथे आल्यावर बदलू' हा सल्ला कुणी दिला तर त्याच्या घरचा चहा पिऊ नका.

पोरगा इथे उतरला की दोन मुदती आहेत. त्याचा व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त असेल तर आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची. ती ऑनलाइन होते, आणि जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. दुसरी मुदत तुमची: परदेशी माणूस ज्याच्या घरी उतरतो त्याने 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन फॉर्मवर कळवायची; ह्यालाच पूर्वी फॉर्म सी म्हणत. हॉटेलवाल्यांना माहीत असतं, घरमालकांना नसतं. 'आपल्या घरचाच पोरगा' म्हणून तुम्ही विसराल. विसरू नका. पोलीस पाटलांनाही आधीच भेटून ठेवा; गावात नवा, उंचापुरा, काळाभोर पोरगा दिसला की चौकशी होणारच, ती तुमच्या ओट्यावर चहा पिऊन झालेली बरी.

कैरोत त्याची निर्वासित म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात नोंद असेल, तर देश सोडण्याआधी त्याने तिथे जाऊन विचारावं की बाहेर गेल्यावर नोंदीचं काय होतं, परत येता येतं का. ही पायरी लोक गाळतात. भारताने 1951च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, तेव्हा इथे तो विद्यार्थीच असेल, निर्वासित नाही. आणि तीन वर्षांनी पदवी हातात असेल पण जायला देश कुठला, हा प्रश्न उभा राहील. शिवाय 'डाफी' नावाची जुनी शिष्यवृत्ती आहे, जर्मन सरकारच्या पैशावर 1992 पासून चालणारी, निर्वासित मुलांना आसरा मिळालेल्या देशातच पदवी शिकायला मदत करते. त्याने आधी तिथे चौकशी करावी. मला जळगावचा अभिमान कितीही असला तरी अरबीत शिकलेल्या, आई-वडील कैरोत असलेल्या पोराला कैरोतच चांगली सोय लागत असेल, तर ती घ्यायला सांगेन.

कारण भाषा. कागदोपत्री आपली बीएस्सी इंग्रजी माध्यमाची. वर्गात सर अर्धा तास मराठीत समजावतात आणि फळ्यावर इंग्रजीत लिहितात. नंदुरबारहून आलेल्या पोराला त्याचा आधार होतो, सुदानच्या पोराला भिंत. त्याची शाळा अरबीत झाली असणार, इंग्रजी एक विषय. पुण्यात त्याला दहा सुदानी भेटतील, कुणी वही देईल, कुणी सांभाळून घेईल. इथे तो एकटा. तुम्ही ज्या कॉलेजला जाल तिथल्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांना आधी भेटा, ऑफिसला नंतर. एक शिक्षक जरी म्हणाला की 'पाठवा, मी बघतो', तर माझं मत जळगावला. नाही म्हणाला तर पुण्याचा विचार करा आणि दिवाळी-उन्हाळ्याला पोरगा तुमच्याकडे.

बाकी गोष्टींची तुम्हाला वाटते तेवढी धास्ती नाही. ऊन त्याला नवीन नाही. मेमध्ये जळगाव 45 अंशांवर गेलं की आपण कोमेजतो, खार्टूमचा माणूस डोक्याला फडकं गुंडाळून चालू लागतो. कापूस नवीन नाही. दोन नाईल नद्यांच्या मधला गेझिरा हा कापसाचाच मुलूख. आणि ज्वारीचंच पीठ आंबवून त्यांची किस्रा होते, पातळ घावनासारखी. पुण्यातला माझा एक सुदानी विद्यार्थी एकदा जळगावला घरी आला होता, कळण्याची भाकरी मोडून म्हणाला, ही थोडी जाड झाली, बाकी बरोबर आहे. भरीत मात्र त्याने दोनदा मागून घेतलं.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट शेवटी, पण तिने मी सर्वांत जास्त फाईली अडकलेल्या पाहिल्या: नाव. सुदानी माणसाला आडनाव नसतं. स्वतःचं, बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं, अशी चार नावं ओळीने. आपल्या फॉर्मवर 'आडनाव' हा रकाना सक्तीचा, 'आईचे नाव' सक्तीचं. काउंटरवरचा मुलगा घाईत कुठलं तरी नाव आडनावात टाकतो, परीक्षा विभाग ते पुढे आणतो, आणि तीन वर्षांनी पदवीवर पणजोबा पास झालेले असतात. त्यात मोहम्मदचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवर एक, भाषांतरावर दुसरं, इथल्या फॉर्मवर तिसरं. पासपोर्टवर जे आहे, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे. अरबी कागदाचं भाषांतर करून घेतानाच भाषांतरकाराच्या हातात पासपोर्टची प्रत द्या. पासपोर्टची मुदत किती उरली आहे तेही बघून घ्या. संपत आली असेल तर नूतनीकरण आधी, बाकी सगळं नंतर.

यंदाच करावं का, असं विचारलंत. समकक्षतेचं लेखी उत्तर आणि दुय्यम प्रतीच्या अर्जाची पावती, ह्या दोन गोष्टी प्रवेश बंद व्हायच्या आत हातात आल्या तर यंदा. नाहीतर हे वर्ष त्याने कैरोत इंग्रजीला द्यावं. तीन वर्षांचा खंड आहे, त्यात एकाची भर पडली तर खंडाच्या शपथपत्रात आकडा बदलतो, एवढंच.

हमीपत्र द्यायची वेळ आली, तर त्यात 'लवकरात लवकर' लिहू देऊ नका. तारीख घाला, आणि ती तारीख तुमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोल करून ठेवा. ऑफिसच्या भरवशावर राहू नका, मी ऑफिसातलाच माणूस आहे. आज रात्री त्याला फोन लावा आणि त्या फोटोतला बैठक क्रमांक वहीत लिहून घ्यायला सांगा. फोन हरवला तर तोही जाईल.